उलटं फूल

निको गोड बोलायला लागला की मी पर्स घट्ट धरते. शेजारचा पोरगा, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला, पण वस्तीच्या कमिटीचा अध्यक्ष झाल्यापासून जरा जास्तच गोड झालाय.

आमचं ब्रुकलिनचं भुयारी स्टेशन पहिल्यासारखं करायचं म्हणून वर्षभर बंद होतं. टाइलच्या तुकड्यांनी केलेल्या स्टेशनच्या नावाच्या दोन पाट्या, दोन्ही बाजूंच्या, धुवायला म्हणून निकोच्या कमिटीने काढून नेल्या. त्या माझ्या बाबांनी लावलेल्या. बाबांचा ना फोटो उरलाय ना घर. त्यांच्या हातचं काय ते तेवढंच. धुवायला भिंत सोलायला कशाला लागते, असं मी निकोला तेव्हाच विचारलं. तो हसला. मावशी, तुला सगळ्यांचाच संशय, म्हणाला.

आहेच मुळी. त्याच वर्षी त्याने स्वयंपाकघर नवं केलं, आणि दर रविवारी पास्ता खायला बोलावणारा हा पोरगा बोलवेनासा झाला. कधी रंगाचा वास येतोय म्हणे, कधी बायकोची कंबर धरलीय.

काल स्टेशन उघडलं. निको मला हाताला धरून खाली घेऊन गेला. मी थेट आमच्या बाजूची पाटी गाठली. बाबांच्या इटलीतल्या गावचे कारागीर काम अगदी निर्दोष ठेवत नसत, दृष्ट लागते म्हणून. नावाभोवतीच्या फुलांच्या किनारीतलं एक फूल मुद्दाम उलटं लावायचे. अख्ख्या स्टेशनात एकच; दुसरं लावलं तर ते गबाळं काम. आणि हे घराबाहेर बोलायचं नाही.

कोपऱ्यातलं फूल उलटंच होतं. मला रडू आलं. उगाच पोराला चोर ठरवलं, म्हणून मी त्याच्या गालावरून हात फिरवला.

"बघ मावशी, तीच आहे ना?"

"तीच रे बाबा."

डोळे पुसून मी रुळांपलीकडे पाहिलं. समोरच्या पाटीवरही त्याच कोपऱ्यात, तसंच एक फूल उलटं.

एका पाटीवरून दोन नकला काढल्या होत्या मेल्यांनी.

निको माझा हात धरूनच वाकून गाडी येतेय का बघत होता. गाडीचा पत्ता नव्हता.

"निको," मी म्हटलं, "या रविवारी जेवायला येतेय तुझ्याकडे. स्वयंपाकघरातच बसू."

त्याने माझा हात सोडला.