गाडीच्या तळचा कापूस

दाराची कडी खळकन वाजली आणि सकाळपासून मुकं बसलेलं आमचं देवपूरचं घर दचकलं. मुंबईहून आलेला रिपोर्ट आणायला हे डॉक्टरांकडे गेले होते. बाळ दूध पिता पिता माझ्या मांडीवरच झोपलेलं, मला उठताही येईना.

सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, छातीतली गाठ कॅन्सरची हे आधीच कळलं होतं. आज कळायचं होतं ते हे की, त्यात कुठे जास्त उग्र पेशी दडल्यात का.

“एकाच गाठीत इकडच्या पेशींचा डीएनए वेगळा, तिकडच्यांचा वेगळा असू शकतो,” डॉक्टरांनी मला समजावलं होतं. “एका जागेचा नमुना फसवतो.” म्हणून तपासणीच्या दिवशी त्यांनी सुई वरून घातली, मग एका कडेने, मग दुसऱ्या कडेने.

तेव्हा आत्याबाई उसळल्याच. जन्मभर कापसाची गाडी भरून धुळ्याच्या बाजारात आणलेली बाई ती! व्यापारी गाडीत ठिकठिकाणी हात खुपसतो तो भाव पाडायलाच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

“डॉक्टरभाऊ, परत खुपसस? मना माल चोख शे!”

डॉक्टर इकडचेच. सुई धरून म्हणाले, “अक्का, वजन वाढवायला गाडीच्या तळाशी ओला कापूस कधीच नाही घातला?”

आत्याबाईंनी पदर तोंडाशी नेला. खांदे गदगदायला लागले. “घालेल शे ना भाऊ. दरसाल!” आणि स्वतःच कुशीवर वळल्या. “खाले देख. ओला माल तठेच राहस.”

आता हे चपला न काढताच आत आले. “आई, सगळीकडे एकसारखंच! लपलेलं काही सापडलं नाही. ऑपरेशनने बरं होण्याची पुष्कळ आशा आहे म्हणाले.”

“देखा! बठ्ठा माल चोख!” आत्याबाई तशाच कुंपणाशी धावल्या. “पुष्पा वं, मनी गाठ एक नंबर शे!”

शेजारच्या पुष्पाबाई गोंधळून म्हणाल्या, “वा वा, अभिनंदन!”

मला हसू आवरेना. पोट हललं तसं बाळ जागं झालं आणि कारण न कळताच तेही खिदळलं. फक्त माझी थोरली, मनू, विचारात पडलेली.

“आई, गाठीत सगळं आजीचंच आहे?”

“हो गं राणी.”

“दुसऱ्या कुणाचं काहीच नाही?”

“नाही.”

“मग आजीचंच असून ते आजीला का मारतं?”