सो फार

रत्नाच्या लेकीनं, श्वेतानं, बंगळूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी धरली, तसा इकडं आईनं अबोला धरला. "एवढ्या लांब जाऊन काय सोनं लागणार हाय?" असं म्हणून जी रुसली, ती महिना झाला लेकीचा फोनच उचलेना. राग कसला, नुसता हट्ट. लेकीचं स्टेटस मात्र रोज उघडून बघायची.

त्या दिवशी धसईच्या बाजारात भेंडीचा ढीग लावून बसल्या बसल्या तिनं मोबाइल काढला. श्वेता पांढऱ्या कपड्यांत उभी, खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. शेजारी वांगी घेऊन बसलेल्या ललितानं अक्षरं जुळवली. "सो फार सो गुड."

"फार गुड? म्हंजे फारच बरं चाललंय की," रत्ना खुलली. आपला शब्द इंग्रजीत कसा जाऊन बसला, याचं तिला नवलही वाटलं.

"तो फार नाय गो. इंग्रजीत फार म्हंजे लांब," ललिता म्हणाली. नको तिथं अक्कल पाजळायची तिला खोडच. "इतकं लांब, इतकं बरं."

रत्नाचा चेहरा पडला. आई जितकी लांब तितकं बरं, असं पोटच्या पोरीनं चारचौघांत लिहावं? तिला फार लागलं. मराठीतलं फार.

तरी मन मानेना. भेंडी ललिताच्या हवाली करून ती एसटीच्या थांब्यावर गेली. गावातला हेमंत मुरबाडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा, तो गाडीची वाट बघत होता. त्यानं वाचलं आणि हसला.

"मावशे, लांबबिंब काय नाय यात. आतापर्यंत तरी सगळं बरं हाय, असं म्हणतेय ती."

रत्नाचा जीव भांड्यात पडला. चार पावलं गेली आणि माघारी आली.

"आतापर्यंत तरी? आन पुढं?"

"पुढचं नाय त्यात."

रत्ना घुटमळली. भात निसवून लोंब्या आल्यावर कुणी पीक कसं म्हणून विचारलं, की तीही हेच सांगायची, आतापर्यंत तरी बरं हाय. पोटात भीती असल्याशिवाय माणूस 'तरी' म्हणत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिथंच थांब्यावर उभ्या उभ्या तिनं फोन लावला. पहिल्याच घंटीला श्वेतानं उचलला.

"पुढं कसली भीती हाय गो तुला?" रत्नानं एकदम विचारलं.



"तू कधीच बोलली नाय तर, आई?"