कळे

चिमटीत एक कळा धरला आहे असं समजा, मुलांनो. तुम्ही कळी म्हणाल. पण बिदरकडच्या घरांत जाडसर कळीला कळाच म्हणत. एक कळा, दोन कळे. हा फुलाचा नव्हे, रोपाच्या शेंड्याचा आहे. दोन इवली पानं हात जोडल्यासारखी मिटलेली, तेल लावल्यागत तुकतुकीत. आता नख लावा. टच्... निघाला. तो तळहातावर घ्या आणि ओठ एका बाजूला जरासा दुमडून त्याच्याकडे बघा. शेजारच्याच्या पाटीवरच्या चुकीकडे तुम्ही कधीमधी बघता ना, तसं. जमलं? मग तुम्ही गुरुबाई झालात. कमठाण्याच्या मळ्यात, निजामाच्या राज्यात, भाद्रपदातल्या एका सकाळी आंब्याच्या मुळावर बसलेली बारा वर्षांची मुलगी.

तिनं कळा गवतात भिरकावला.

ह्याला झाड म्हणायचं! दोन वर्षं विहिरीचं पाणी पिऊन गुडघ्याएवढं, शेंडा खुडून टकलं केलेलं, पानं पिवळी... आणि भोवती गवत मात्र बघून घ्यावं, हिरवंकंच, कमरेला लागणारं. कॉफी म्हणे! उद्धवकाका कुणाच्या लग्नाला चिकमगळूरकडे काय गेले आणि येताना ओल्या पोत्यात गुंडाळून ही रोपं काय घेऊन आले! तिकडची माती लाल, आपलीही माती लाल — एवढंच त्यांचं शास्त्र. मग आमराईतली हळद काढली आणि सावलीत ही कॉफी लावली. सोबत आणलेली पूड उकळून सगळ्या घराला पाजली. काकू म्हणजे सोजराबाईकाकू, काकांची बायको. तिनं एक घोट घेऊन वाटी तुळशीत ओतली होती. जळक्या चिंचोक्याचं पाणी. मला विचारलं असतं तर... पण ह्या घरात मला एकाच गोष्टीसाठी विचारतात.

भाषेसाठी. हे आठवलं आणि तिची पाठ आपोआप ताठ झाली. घरात बोलायची मराठी. आई गुलबर्ग्याकडची, तिची कानडी. गावच्या शाळेतली उर्दू. काकांची कानडी बाजारापुरती. भाव विचारण्यापलीकडे गेली की अडखळते. आषाढात तो कॉफीच्या देशातला माणूस एक दिवस आला, तेव्हा त्याच्याशी बोलायला मळ्यात कुणाला नेलं? मलाच. आई परक्या माणसापुढे येत नव्हती, आणि कानडी बोलणारी गडीण नागव्वा त्या दिवशी तुरीच्या रानात होती.

तो माणूस... उन्हात छत्री घेऊन फिरणारा! भाकरी मोडताना बोटं दुखल्यासारखं तोंड करणारा आणि दोन्ही वेळा भातच मागणारा. त्याची कानडीही तसलीच, गिळगिळीत भातासारखी, शब्दाला कणाच नाही. आमच्या आजोळच्या कानडीत कसा ठसका असतो. तो रोपांपाशी उकिडवा बसून काहीतरी उपटत, चाचपत होता, हाताला माती, पुसायला फडकंसुद्धा नाही. तिनं मान वळवून छत्रीच्या मोडक्या काडीकडे बघितलं होतं आणि ऐकलं होतं. ‘मोदलु कळे तेगीबेकु, आमेले गोब्बरा.’

“काय म्हणायलाय गं, गुरू?” काकांनी विचारलं होतं.

“आधी कळे काढायचे म्हणतेत, मग खत घालायचं.”

“कळे? कामून?”

तिनं त्या माणसाला विचारलं. तो हसून म्हणाला, ‘हाकिद्देल्ला कळे तिन्नुत्ते.’

“घातलेलं सगळं कळे खातेत, म्हणून.”

काका बघतच राहिले होते. किती सोपं, आणि गावात एकाच्याही डोक्यात नाही! खत घालावं आणि ते शेंड्यातच मुरावं, बुंध्याला काही उरू नये... “ह्या पोरीला दिवाळीनंतर गुलबर्ग्याला घालतो शाळंत,” ते त्या माणसादेखत म्हणाले, “बसलिंगप्पा मामाकडं राहील. असलं डोकं इथं भाकऱ्या थापायला ठिवायचं न्हाई.” नंतर काकूनं शंका काढलीच, “शेंडा खुडून कुठं झाड वाढतंय व्हय गं?” तेव्हा गुरुबाईनं ओठ दुमडून एवढंच म्हटलं होतं, “तुळशीच्या मंजिऱ्या कामून खुडतीस, काकू?” काकूला गप्प करण्यातली ती गोडी... गूळ तोंडात धरल्यासारखी ती कितीतरी दिवस पुरली.

“अक्काबाई, बसून बसून मुळं फुटतील बघा,” नागव्वा म्हणाली.

नागव्वा मळ्यातली जुनी गडीण. तिचे गुडघे गेलेले, म्हणून काकांनी तिला सावलीतलं काम दिलेलं. आधी कळे खुडायचे, मग करडईची पेंड कुटून बुंध्याशी घालायची. आणि नागव्वा एकही कळा चुकवत नाही ना, हे बघायला गुरुबाई. ती खुडायची तेही कसं... प्रत्येक रोपाला आधी हात लावून कानडीत काहीतरी पुटपुटायची. समजूत घातल्यासारखं. अडाणी. झाडाला काय कानडी कळते?

“तू तुझं काम कर,” गुरुबाई म्हणाली.

“करायलेच की. पर हे लेकरू बघा, तिसऱ्यांदा शेंडा काढला ह्याचा. बोडकं झालं.”

“तसंच पाहिजे. त्या माणसानं सांगितलंय.”

“व्हय बाई. त्यानं सांगितलं, तुम्ही ऐकलं, म्या खुडलं.” आणि ती आपलं ते पोकळ खोकल्यासारखं हसली.

गवत कुणी उपटत नव्हतं. कामून उपटायचं? पेंड पडायला लागल्यापासून ते असं काही माजलं होतं की काकू रोज संध्याकाळी विळ्यानं वरचेवर कापून एक भारा म्हशीला घाली आणि म्हणे, कॉफी तर दिसंना, दूध वाढलं. मुळं तशीच. दोन दिवसांत पुन्हा कोंब.

काका आले ते बांधावरूनच बोलत आले. काल बिदरहून कुणीतरी रोपं बघायला आलं होतं आणि हसून गेलं होतं. डोक्याला बांधलेला पंचा काढून त्यांनी तोंड पुसलं. गुरुबाईला तो पंचा, ते पुसणं, ते दर चार पावलांनी रोपापुढे थांबून ‘च्-च्’ करणं, सगळंच कीव करण्याजोगं वाटलं. मोठा माणूस, आणि पिवळ्या पानासाठी डोळ्यांत पाणी...

“नागव्वा,” ते रोपाकडे बघत म्हणाले, “उद्यापासून मळ्यात येऊ नकोस. रानात जा.”

“कामून, मालक?”

“पेंड घातली, पाणी घातलं, सांगितल्यापरमाणं कळे काढले. मग राहिलं काय? हात. तुझ्या हाताला गुण न्हाई.”

नागव्वा उठायला लागली होती, ती गुडघ्यावर हात टेकून तशीच अर्धी राहिली. मुलांनो, हाताला गुण नाही ह्या बोलण्याचं वजन तुम्हांला आज समजायचं नाही. त्या गावांत पेरणीची पहिली मूठ चांगल्या हाताच्या बाईकडून टाकून घेत. नागव्वाला चार घरं बोलवत; चोळीचा खण मिळे, ओटी भरत. एकदा मालकानं हात वाईट म्हटला की ती चारही दारं बंद, आणि हे पुसून काढायला फडकं नसतं. गुरुबाईला हे सगळं माहीत होतं. तिला वाटलं, बरं झालं. पुटपुटणं तरी बंद होईल. तिला असंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

नागव्वा रडली नाही. तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, त्यांना पेंडीची पूड लागली होती, आणि मग भोवतालच्या गवताकडे बघून ती पुन्हा तसलंच हसली.

“गवताला तर लई गुण आलाय की माझ्या हाताचा, मालक.” आणि मग कुणाला ऐकवायचं नसल्यासारखी, आपल्याच भाषेत, “हाकिद्देल्ला कसा तिंतु.”

घातलेलं सगळं गवतानं खाल्लं. कस, कसा म्हणजे गवत, कचरा. आईकडे तसंच म्हणतात. ह्यात विशेष काय? गुरुबाई दुसरीकडे बघणार होती... पण ते वाक्य गेलं नाही. कानात उभंच राहिलं. हाकिद्देल्ला कसा तिंतु... हाकिद्देल्ला... कळे तिन्नुत्ते. तेच वाक्य. तीच चाल, तेच घातलेलं, तेच खाणं. मधला एकच शब्द काढून दुसरा बसवलेला. इकडे जिथे ‘कस’ बसतो, तिथे त्यानं...

नाही. कळे म्हणजे कळे. लहान पोराला विचारा.

पण मग ती छत्रीची मोडकी काडी आठवली, आणि त्या काडीच्या पलीकडे, नजरेच्या अगदी कडेला, जे तेव्हा दिसूनही बघितलं नव्हतं ते आता दिसायला लागलं. तो उकिडवा बसलाय. त्याच्या हातात गवताचा झुबका आहे, मुळांसकट. तो झुबका टाचेवर आपटतोय, माती झाडतोय, वर धरून दाखवतोय — ‘कळे’ — आणि फेकतोय. दुसरा उपटतोय. ‘कळे.’ हाताला माती लागली होती ती ह्याची. मी छत्रीकडे बघत होते. तो मला दाखवत होता आणि मी छत्रीकडे...

मग गवताला कळे कशाला, सरळ कस म्हणायला काय झालं होतं त्याला, चार माणसांसारखं? आणि काका, एवढे घोड्याएवढे, पोरीच्या शब्दावर झाडांचे शेंडे खुडतात? आणि काकू? तुळशीचं नाव काढलं की गप्प बसायचं? आणि ही नागव्वा, तीन तीनदा खुडताना हिला... एकेकाला ती धरू बघत होती, आणि एकेक जण तिच्या हातातून निसटून जात होता. ओठ दुमडायला गेली, तर ओठ दुमडेना.

दिवाळी दोन पावलांवर होती. गुलबर्गा, मामाचं घर, शाळेची पांढरी भिंत... तिथे जाणाऱ्या मुलीला तीन भाषा येतात, म्हणून ती जाते. ही गोष्ट एवढीच होती. ह्यातला एक शब्द काढला तर...

नागव्वानं पेंडीची पाटी डोक्यावर घेतली. पाटी रिकामी होती, तरी तिनं ती सावरली, आणि जाता जाता सगळ्यांत टकल्या रोपाला हात लावला, पण पुटपुटली नाही. हात लगेच मागे घेतला... जसं काही खरंच त्या हातानं रोप जळेल.

गुरुबाई मुळावरून खाली उतरली. त्या रोपापाशी गुडघे टेकून बसली. गवत दोन्ही हातांनी धरलं. ते सहजासहजी येईना, बोटाला काप गेला. मग एकदम मुळांसकट आलं, ओलं, जड, आणि मुळांना कुटलेली पेंड चिकटलेली. खालून काही पिवळी, दमलेली पानं उघडी पडली.

“आता हे काय करायलीस गं?” काका बांधावरून ओरडले. “हात कामून घाण करायलीस? नवा परकर हाय तो!”

नागव्वाही चालता चालता थांबली होती.

गुरुबाईनं झुबका टाचेवर आपटला. माती आणि पेंड रोपाच्या बुंध्याशी पडली. मग तिनं तो वर धरला, त्या माणसानं धरला होता तसाच, काकांना दिसेल असा आणि नागव्वालाही दिसेल असा, आणि म्हणाली, “काका...” पण पुढचा शब्द कुठल्या भाषेत म्हणायचा ते तीन भाषा येणाऱ्या त्या मुलीला कळेना. हात मात्र तिनं खाली घेतला नाही.