पडद्यापलीकडचा पाय

न्हाव्याच्या छातीवर हिरवा पडदा ताणलेला होता. पाठीत सुई दिल्यापासून कमरेखालचं काहीच कळत नव्हतं, आणि दोन्ही हात फळ्यांना बांधलेले. नाक खाजलं तरी नर्सची विनवणी करायची. आयुष्यभर दुसऱ्यांना कापडात गुंडाळून ‘हलू नका’ म्हणणाऱ्याची चांगलीच जिरली होती.

दोष त्याचाच होता. वर्षभर चार पावलं चाललं की पोटरी आवळायची, आणि हा गडी दुकानांच्या काचा बघत उभा राहायचा, जणू खरेदीच करायची आहे. डॉक्टरकडे जा म्हणून बायको कानीकपाळी ओरडत होती. शेवटी अंगठा काळा पडला तेव्हा स्वारी हलली. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त वर कमरेपाशी अडलंय आणि खाली मांडीतही. वर स्टेंट घालून वाट मोकळी करू, खाली पायातलीच शीर काढून बायपास जोडू, दोन्ही एकाच बैठकीत. नाहीच जमलं तर पाय कापावा लागेल. त्या कागदावरही त्याने सही केली होती.

तीन तास झाले. पडद्यापलीकडे एकदम सगळे गप्प झाले. पाय आहे की गेला? त्याचा जीव टांगणीला लागला. त्याने विचारलं, तर सर्जन म्हणाले, "काही नाही, होतच आलंय."

गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लागला की तुरटी दाबत न्हावीही नेमकं हेच म्हणायचा.

"डॉक्टर, कापल्यावर मीही असंच बोलतो," तो म्हणाला. "खरं सांगा."

सर्जन पडद्यावरून वाकले. "स्टेंट छान बसलाय. खालच्या बायपासमध्ये मात्र रक्त दोनदा गोठलं. आता दुसऱ्या पायातली शीर घेतो. तीही चालली नाही तर पाय ठेवता येणार नाही."

पळून जायला पाय त्याच्या ताब्यात नव्हते. "घ्या," तो म्हणाला.

मग आणखी दीड तास. दुकानात ज्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालायची, तो मुकाट छताकडे बघत राहिला. धडधाकट पायही आपण उगाच चिरायला दिला, असं त्याला वाटत होतं. रडू आलं, तेही पुसता येईना.

अखेर पलीकडे नर्सने त्याच्या घोट्यावर एक छोटं यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. मग फुस्स, फुस्स, फुस्स, छातीतल्या ठोक्यांबरोबर. पायात रक्त पुन्हा खेळतंय त्याचा हा आवाज, असं सर्जनांनी सांगितलं आणि ते टाके घालायला वळले.

नर्स यंत्र उचलू लागली.

"राहू द्या," तो म्हणाला. "अजून थोडं ऐकू द्या."