शवागारातला वाटप्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तुकडा आहे. तुमच्या मुठीत सहज मावेन. रुग्णालयाच्या शवागारात, गार कपाटाच्या मागे मी राहतो. घाबरू नका, इथली माणसं कुणाला त्रास देत नाहीत. माझ्या डोक्यातून बारीक नळ्या फुटतात. निम्म्या वरच्या कप्प्याला जातात, निम्म्या खालच्या. गारवा आणणारा द्रव मी सगळ्यांना सारखा वाटतो, म्हणून हे कपाट सांभाळणारा मिस्त्री मला ‘वाटप्या’ म्हणतो. अट एकच, मला ताठ उभं ठेवा. आडवं केलंत की द्रव खालच्या नळ्यांत पळतो आणि वरच्यांच्या नशिबी नुसती वाफ.

वर्षानुवर्षं माझी तक्रार नव्हती. “वाटप्या म्हणजे सोनं!” असं मिस्त्री रखवालदाराला सांगायचा, तेव्हा मी कसला फुगायचो!

यंदा त्याने नवा पाइप जोडला, तो लांब भरला. मागचं झाकण लागेना. मिस्त्रीला घरी जायची घाई. त्याने मला खुशाल आडवं दाबलं.

“अहो, चालेल का असं?” रखवालदाराने विचारलं.

“न चालायला काय झालं? आत कोण बघतंय?”

तापमापी खालच्या कप्प्यात. तिने आपलं गार सांगितलं.

काही दिवसांतच मिस्त्रीची आई गेली. धाकटी बहीण परदेशात. फोनवर ती रडून एकच मागत होती, “दादा, मला आईचं तोंड बघू दे, तोवर काही करू नकोस.”

“तू निवांत ये गं. कपाट माझ्या हातचं आहे.”

रखवालदाराने खालचा कप्पा उघडला. “खाली नको हो,” मिस्त्री म्हणाला, “आईच्या डोक्यावर दुसरं कुणी नको. तिला वर ठेवा.” किती मायेने सांगितलं मेल्याने! मी नुसता तळमळलो. खाली बर्फ धरला होता आणि वर खोलीइतकीच ऊब होती.

बहीण प्रवासातून थेट इथेच आली. रखवालदाराने वरचं दार उघडलं आणि चटकन लोटलं.

“ताई, नका बघू. हात जोडतो.”

“दादा, तू म्हणाला होतास ना?”

मिस्त्री कपाटाच्या मागे आला, झाकण उचकटलं, मला आडवं पाहिलं. मग लांब पाइप वाकवून त्याने मला सरळ केलं.

मित्रांनो, झाकण लावण्याआधी आत एकदा नीट बघत जा. आम्हाला ओरडता येत नाही.

आता मी ताठ आहे. बहीण भावाशी बोलत नाही. तो अधूनमधून येतो आणि रिकाम्या वरच्या कप्प्यात हात घालून बघतो. छान गार लागतो.