वाचून दाखवले, बरोबर आहे

"हे रडणंबिडणं घरी! कोर्टाला भावना नसतात." न्यायाधीश खेकसले, तशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या सोनूबाईने पदर तोंडात कोंबला.

समोर टाइपरायटरवर बसलेल्या वनमालाबाईंना शिसारीच आली. कालच इथं आरोपी मुसमुसला, बिल्डरचा पंचवीस वर्षांचा घोडा झालेला मुलगा, तेव्हा याच साहेबांनी "बस बाळ, पाणी पी" म्हटलं होतं. त्या बाळाच्या गाडीनं साकीनाक्याला सोनूबाईचा नवरा चिरडला होता. बघणारी ती एकटीच. तिच्या जबानीवरच सगळी केस उभी होती.

सोनूबाईने डोळे पुसले आणि कोरड्या आवाजात सांगितलं, "आमी फुटपाथवरच हुतो साहेब. गाडीच वर चढली."

साहेबांनी ते इंग्रजीत करून लिहायला सांगितलं: नवरा रस्ता ओलांडत असावा, नक्की आठवत नाही. साक्षीदार निर्विकार, दुःख झाल्याचे दिसत नाही.

रडली तर नाटक, नाही रडली तर दगड! मेल्या, तुका लाज आसा काय, वनमालाबाई मनात म्हणाल्या. सरकारी वकील घड्याळ बघत होते.

वनमालाबाईंनी टाइप केलं. अठरा वर्षं हेच तर केलं होतं. शेवटची ओळ बोटं आपोआप मारायची: 'साक्षीदारास वाचून दाखवले, बरोबर असल्याचे मान्य केले.' वाचून कुणी कधीच दाखवत नसे. अंगठा घ्यायचा की पुढची केस.

पट्टेवाल्या गुणाजीने शाईचं पॅड पुढे केलं. सोनूबाईने पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवण्याआधी हळूच विचारलं, "ताई, म्या बोलले त्येच हाय न्हवं ह्यात?"

किती विश्वासानं विचारलं हो तिनं! वनमालाबाईंना आता साहेबांपेक्षा स्वतःचीच किळस आली. त्यांनी कागद उचलला आणि खणखणीत मराठीत सगळा वाचून दाखवला.

"म्या असं न्हाई बोलले!" सोनूबाई ओरडली.

"बाई, डोकं फिरलंय का तुमचं?" साहेब लालबुंद झाले. "वाचायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, साहेब. शेवटच्या ओळीत आहे."

साहेबांनी समोरची फाइल आपटून मिटली.

"अंगठा देण्यास नकार, असं टाइप करा. आणि उद्यापासून तुम्ही रेकॉर्ड रूमला."

वनमालाबाईंनी टाइप केलं नाही. अजून बारासुद्धा वाजले नव्हते, तरी त्यांनी मशीनवर कव्हर घातलं. काळा अंगठा मुठीत घट्ट धरून सोनूबाई पिंजऱ्यातून खाली उतरली.