आल्बिनाच्या परकराचं माप

जुलियानाचं पत्र १९९९ सालच्या राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आलं आणि मी ते संतचरित्रांच्या एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. घरात दुसरं कुणी उघडणार नाही असंच पुस्तक मी निवडलं होतं. खरं सांगायचं तर मीही ते क्वचितच उघडत असे.

जुलियाना माझी जुनी विद्यार्थिनी. आमच्या वसईच्या वाडीतली. चर्चमधल्या दृढीकरण-संस्काराच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आता मस्कतला नर्स होती. पत्रात लिहिलं होतं, "सर, आईने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात. म्हणते, ज्या ब्रदर ऑस्विनने माझा पाय वाढवला, तो साखरही बरी करेल. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही तिला समजवाल का?"

एवढंच असतं तर मी त्याच दिवशी आल्बिनाकडे गेलो असतो. पण खाली आणखी एक प्रश्न होता. "आणि सर, रागावू नका. तुम्ही शिकवताना काही वाक्यांच्या आधी क्षणभर थांबायचात. तुम्हांला स्वतःला ते सगळं पटत होतं का?"

मी थांबायचो, हे तेरा वर्षांच्या पोरीने हेरलं होतं. वीस वर्षं मी चर्चमध्ये धर्मशिक्षण देत होतो आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींविषयी मनात शंका घेऊन घरी येत होतो. हे मी पत्नीलाही सांगितलं नव्हतं. मग मस्कतला काय लिहिणार?

ब्रदर ऑस्विन नाताळानंतर आमच्याकडे यायला लागला. दर रविवारी दुपारी चारला चर्चच्या हॉलमध्ये त्याची प्रार्थनासभा. माझ्या वर्गाला अकरा मुलं. त्याच्या सभेला तीनशे माणसं, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून शाळेतले बाक उचलून नेलेले. त्यातला एक माझ्या वर्गातला. वाड्यांमधले लोक तर होतेच, पण स्टेशनजवळच्या नव्या इमारतींतले, कधी चर्चची पायरी न चढलेलेही येत. फादर म्हणाले, "सर, लोक प्रार्थनेला येतायत, येऊ द्या. आणि ब्रदरची ओळख तुम्हीच करून देत जा. तुम्ही जुने."

म्हणून दर रविवारी मी दोन मिनिटं माईकसमोर उभा राहून पुटपुटायचो. मागून कुणीतरी ओरडायचं, "आवाज!" मग ब्रदर माईक घ्यायचा आणि हॉल भरून जायचा.

"पाठ दुखते? कंबर दुखते? झोप येत नाही? ह्या सगळ्याचा रीझन एकच आहे! एक पाय शॉर्ट!" तो दोन बोटं वर करायचा. "फक्त दोन सेंटिमीटर! पण सैतान कुठून घुसतो? ह्या दोन सेंटिमीटरच्या गॅपमधून घुसतो! गॅप बंद, सैतान बंद! बोला, आलेलुया!"

"आलेलुया!"

सैतान सेंटिमीटरमध्ये मोजतात हे मला ठाऊक नव्हतं. पण हसू येण्याऐवजी हेवा वाटायचा. एकदा तर न्हाणीघरात, नळ सोडून, मी त्याच्यासारखं "आलेलुया" म्हणून पाहिलं. बाहेरून अँजेलिनाने, माझ्या पत्नीने, विचारलं, "अहो, चटका बसला का?"

अँजेलिना! वीस वर्षांत माझा एकही वर्ग ऐकायला न आलेली ही बाई रविवारी तीन वाजताच तयार होऊन बसायची. "काय बोलतो तो! अगदी आत लागतं," म्हणायची. मी पुस्तकात तोंड घालायचो.

मग कुणाला तरी खुर्चीत बसवलं जाई. ब्रदरच्या पिशवीतून पांढरे कॅनव्हासचे बूट निघत. "हे अभिषेक केलेले बूट आहेत. अनवाणी पायात शंका शिरते!" बूट घातलेले दोन्ही पाय तो टाचांखाली धरून उचलायचा. आणि खरंच, एक पाय आखूड दिसायचा. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडावर हात ठेवायच्या. ब्रदर डोळे मिटून प्रार्थना करायचा, आवाज चढत जायचा, आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही तळवे हळूहळू एका रेषेत यायचे. मीही पाहिलं. माझ्याही अंगावर काटा आला.

जानेवारीत अशा रीतीने आल्बिनाचा, जुलियानाच्या आईचा, डावा पाय वाढला होता. त्यानंतर ती दर रविवारी आपण बऱ्या झाल्याची साक्ष द्यायला उभी राहायची. उपवासकाळ सुरू झाल्यावर ब्रदरने ते बूटच तिला देऊन टाकले आणि स्वतःसाठी दुसरे आणले. "ईस्टरपर्यंत घाला, आई. पाय पक्का होईल."

यात काहीतरी लबाडी आहे असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण वाटण्याचं कारण काय? मला त्याचे तीनशे लोक हवे होते, त्याचा आवाज हवा होता, माझी बायको परत हवी होती. हेव्याने जळणाऱ्या माणसाच्या संशयाला किंमत ती काय? आणि देवाविषयी ज्याची स्वतःची खात्री नाही, त्याने दुसऱ्याला खोटा म्हणायचं कोणत्या तोंडाने? असा विचार करत मी पत्र पुस्तकातच राहू दिलं.

उपवासकाळातल्या पाचव्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आल्बिना आमच्या दारात आली. काखेत परकरांचं गाठोडं. अँजेलिना वाडीतल्या बायकांचं शिवण करते.

"अँजू, ह्ये परकर डाव्या बाजूने दोन बोटं सोड. पाय वाडला ना माजा. सोबायला नको?"

मी ओसरीवर पुस्तक धरून बसलो होतो. अँजेलिनाने गळ्यातली टेप काढली. तिचा विश्वास पक्का होता, पण मापाशिवाय ती कापडाला कात्री लावत नाही. "बूट काढ आणि सरळ उभी राहा."

तिने कमरेपासून घोट्यापर्यंत उजवीकडे टेप धरली. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. आतून मापांची वही आणली.

"आल्बिना, अडतीस आणि अडतीस."

"बरोबरच! आता सारके जाले!"

"अगं, ऐंशी सालापासून मी तुझे परकर शिवते. तेव्हाही अडतीस, दोन्हीकडे. डावा पाय आखूड असता तर परकर त्या बाजूने जमिनीवर लोळला असता. एकदा तरी लोळला का?"

आल्बिनाने परकराचा काठ उचलून पाहिला. अँजेलिना वाकली ती वाकूनच राहिली. "आणि हे गं काय?"

डाव्या पायाची करंगळी काळसर पडली होती. शेजारी रुपयाएवढी जखम. परकराच्या काठाला पिवळट डाग.

"बूट सैल हाय, घासतो. पन दुकत नाय मला. प्रभूची कृपा."

दुखत नव्हतं, कारण साखरेने तिच्या पायाची जाणीवच गेली होती. एवढं मी वाचलेलं होतं. मी उठलो. "आल्बिना, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. गोळ्या पुन्हा सुरू कर."

ती दोन पावलं मागे सरली. "नको, मास्तर. गोळी घेतली का अविश्वास जाला. पाय परत आकडंल. उद्या ब्रदर काय बोलंल?"

कितीही सांगितलं तरी ती ऐकेना. रविवारी तिला साक्ष द्यायची होती. बूट मात्र अँजेलिनाने ठेवून घेतले. "धुऊन देते," म्हणाली.

ती गेल्यावर अँजेलिना मला म्हणाली, "पाय होते तेवढेच आहेत. मग मी डोळ्यांनी पाहिलं ते काय?" तिचा चेहरा उतरला होता. त्या क्षणी मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

"करून पाहू," म्हणत मी खुर्चीत बसलो, बूट चढवले. आठ नंबरचे, सैल. तिने टाचांखाली हात घालून माझे पाय उचलले. पाचसहा वेळा काही घडलं नाही. मग सहज तिचं बोट उजव्या बुटाच्या टाचेत अडकलं आणि बूट जरासा बाहेर सरकला. आम्ही दोघं पाहतच राहिलो. माझा डावा पाय आखूड दिसत होता.

"आता आत ढकल," मी म्हणालो. "हळू."

तिने ढकललं. माझा डावा पाय "वाढला".

रविवारी चार वाजता हॉल गच्च भरला होता. ब्रदरची ओळख करून द्यायला मी माईकसमोर गेलो. मागून ठरलेला आवाज आला, "आवाज!"

"आज ओळख नाही," मी म्हणालो. "आज माझाच एक पाय आखूड आहे. माझी पत्नी तो वाढवणार आहे."

लोक हसले. मी खुर्चीत बसून तेच बूट घातले. अँजेलिना गुडघ्यांवर बसली, माझे पाय उचलले, आणि पुढच्या रांगेतून "अरे देवा" असा आवाज आला. ती ब्रदरच्याच चालीत म्हणाली, "गॅप बंद, सैतान बंद!" पाय सारखे झाले.

"बघा," ती वळून म्हणाली, "नवऱ्याचा पाय वाढला. अक्कल आहे तेवढीच." मग तिने सगळ्यांना टाच दाखवली. बूट पुन्हा बाहेर ओढला, पुन्हा आत ढकलला. "आखूड पाय वाढत नाही. दुसऱ्या पायाचा बूट पुढे ओढलेला असतो, तो आत जातो. पटत नसेल तर ब्रदरनी अनवाणी माणसाचा पाय वाढवावा. टेप माझ्याकडे आहे."

ब्रदर ऑस्विन उठून हसत माईककडे आला. "सर, मला दिसतंय, तुमच्यात संशयाचा आत्मा आहे."

"आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "वीस वर्षं आहे. त्याला घेऊनच मी इथे मुलांना शिकवतो. काही गोष्टी मला पटतात, काही पटत नाहीत, काही कळत नाहीत. हे मी कधी बोललो नाही, ती माझी चूक. आणि मला तुमचा हेवाही वाटतो, ब्रदर. फार वाटतो. म्हणून माझं ऐकू नका. टेपचं ऐका. टेपला कुणाचा हेवा वाटत नाही."

"आत्म्याचं माप टेपने घेतात का?"

मागच्या बाकावरून एक म्हातारी ओरडली, "तू सेंटिमीटर सांगितलेस, आम्ही नाय!"

हॉल हसला. अँजेलिनाने टेप त्याच्यासमोर धरली. "कुणालाही बसवा, ब्रदर. फक्त बूट काढून."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. आजचं वातावरण प्रार्थनेला योग्य नाही म्हणाला, पिशवी उचलली आणि गेला. काही लोक माझ्यावर चिडून त्याच्या मागे गेले. बरेचसे बसून राहिले.

आल्बिना पहिल्या रांगेत होती, साक्षीसाठी नवी साडी नेसून. तिने हळूच विचारलं, "मंग माजा पाय होता तेवडाच?"

"होता तेवढाच," अँजेलिना म्हणाली. "चांगला होता गं."

ती रडली. चमत्कार हातचा गेल्याचं रडणं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि आपण काय हिरावून घेतलं हेही मला कळलं. मंचावर बसलेले फादर खाली आले आणि तिच्याजवळ उभे राहिले. "चल, आल्बिना. मीही येतो." आम्ही चौघं रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी करंगळी काढली, पाय वाचवला. आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापासून कापावा लागला असता, म्हणाले. आणि तीनचार आठवडे आधी आणली असती तर, मी विचारलं. "तर नुसतं मलम पुरलं असतं."

त्या उत्तरापुढे ब्रदरची लबाडी मला लहान वाटली. त्याने बूट सरकवला. मी पत्र पुस्तकात सरकवलं होतं.

म्हणून हे लिहितो आहे. प्रार्थना करायची त्याने करावी, मीही मोडकीतोडकी करतो. पण ज्याला बरं वाटलं त्याने माप घ्यायला घाबरू नये. खरं असेल ते मापाने कमी होत नाही. डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. आणि ज्याला शंका येते त्याने आपलं मन पुरतं स्वच्छ होईपर्यंत थांबू नये. मन स्वच्छ होत नाही. तोवर दुसऱ्याचं बोट जातं.

बुधवारी मी जुलियानाला लिहिलं.

"आईची करंगळी गेली, पाय शाबूत आहे, गोळ्या सुरू आहेत. तुझं पत्र मी पाच आठवडे दाबून ठेवलं. करंगळी त्यापायी गेली, हे तुला माझ्याकडूनच कळावं. तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही, सगळं पटत नव्हतं. आजही पटत नाही. थांबायचो तिथे 'मला ठाऊक नाही' असं म्हणायला हवं होतं. काल वर्गात तसं म्हणालो. एका मुलीने विचारलं, मग तुम्ही इथे का येता? म्हटलं, तेही शोधतोच आहे, तू मदत कर."

अँजेलिनाने पत्र वाचलं. आपल्या नवऱ्याला वीस वर्षं शंका होती, हे तिने हॉलमध्ये तीनशे माणसांबरोबर ऐकलं होतं; त्यावर ती अजून काही बोलली नव्हती. आता म्हणाली, "पुढच्या वेळी तुमच्या वर्गाला मी मागे बसले तर चालेल?"

मी चप्पल घातली, पारनाक्यापर्यंत चालत गेलो आणि पत्र पेटीत टाकलं.